नदी चढतेय आणि यांना बोट सोडायची नाहीये

वाचकाचं पत्र, थोडक्यात (नाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत):

मी ५४ वर्षांची. मिस्टर मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते, आता रिटायर झालेत. ठाण्याचा फ्लॅट विकून आम्ही एक सेकंडहँड ३६ फुटी शिडाची फायबरची बोट घेतली आणि गेल्या नोव्हेंबरपासून गोव्यात शापोरा नदीत, शिवोली पुलाच्या खालच्या अंगाला मूरिंग टाकून (म्हणजे नदीच्या तळाशी जड वजन टाकून बोट त्याला बांधून) तिच्यावरच राहतोय. मे महिन्यापर्यंतचे दिवस आयुष्यातले सगळ्यात सुंदर होते. जूनमध्ये पाऊस लागला तो थांबायचं नावच घेत नाही. गाद्या ओल्या, कपड्यांना बुरशी, वास जात नाही. नदी लाल झालीय, रात्री ओंडके येऊन बोटीवर आपटतात. बोटीत शिरलेलं पाणी उपसणारा पंप किती वेळाने चालू होतो ते मी अंधारात पडून मोजत असते. मिस्टर म्हणतात खरा दर्यावर्दी बोट सोडून पळत नाही, आपण उतरलो तर बोट गेलीच समज. माझं माहेर दोडामार्ग, भाऊ रोज फोन करून ये म्हणतो. मी गेले तर यांना एकटं टाकल्यासारखं होईल आणि दोघांनी मिळून पाहिलेलं स्वप्न मीच मोडल्यासारखं. राहिले तर रात्रभर जीव मुठीत. मी भित्री आहे का? काय करू?

ताई, सगळ्यात आधी एक, बाकीचं सावकाश. उत्तर गोव्याला किंवा सिंधुदुर्गाला रेड अलर्ट लागलेला असेल तर हे वाचत बसू नका, उजेड आहे तोवर दोघंही लाइफ जॅकेट घालून किनाऱ्यावर या आणि मग वाचा. मी हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये. तुम्ही विचारलेला प्रश्न शांतपणे विचार करण्यासारखा आहे, आणि तो विचार कोरड्या जागी बसूनच नीट होईल असं मला मनापासून वाटतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुम्हाला आतून खातोय. तुम्ही भित्र्या नाही आहात. पंप किती वेळाने सुरू होतो ते अंधारात मोजणं याला जहाजावर वॉच म्हणतात, आणि तुमच्या मिस्टरांना हे माझ्यापेक्षा जास्त चांगलं माहितीय. दर अर्ध्या तासाने सुरू होणारा पंप दर दहा मिनिटांनी सुरू व्हायला लागला तर पाणी कुठून तरी जास्त येतंय, हे त्या बोटीवर सगळ्यात आधी तुम्हालाच कळणार आहे. फक्त ही ड्यूटी कोणी तुम्हाला दिलेली नाही, ती तुम्ही एकट्याच रोज रात्री करताय आणि सकाळी उठून त्यालाच भीती म्हणताय.

मग मिस्टरांच्या वाक्याकडे येऊ, की खरा दर्यावर्दी बोट सोडत नाही. मी मालवणकडची आहे, आमच्याकडे पाऊस तोंडावर आला की होड्या वर ओढून, झापांनी शाकारून ठेवायच्या हे लहानपणापासून बघत आलेय आणि ते करणारे तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, काही कच्चे नव्हते. गोव्याच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, ट्रॉलर जेटीला बांधलेले असतात, खलाशी आपापल्या गावी जातात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर पुन्हा कामाला सुरुवात करायची ही रीत कायदा यायच्या कितीतरी आधीची आहे. म्हणजे ज्या किनाऱ्यावर तुम्ही राहताय तिथल्या पिढ्यानपिढ्यांच्या दर्यावर्दींनी पावसाळ्यात जमिनीवर येणं हा धंद्याचाच भाग मानलाय, पळून जाणं नाही. तुमचे मिस्टर शापोरा जेटीवर जाऊन एखाद्या जुन्या तांडेलाशी तासभर बसले तर मला वाटतं या पत्राचं अर्धं उत्तर त्यांना तिथेच मिळेल, आणि माझ्यापेक्षा त्या माणसाचं ते जास्त मनावर घेतील.

पण कमांडर दिलीप दोंदे एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, २००९-१० मध्ये, ते पण गोव्यातच दिवाडी बेटावर बांधलेल्या म्हादई बोटीवरून, मग आपल्याला नदीत काय होतंय, असा विचार शिडाच्या बोटीवाल्या कुणाच्याही मनात येऊ शकतो. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. पण खोल समुद्रात बोटीला पळायला जागा असते, वारा वाढला की शीड कमी करून ती वाऱ्याबरोबर मैलोन् मैल जाऊ शकते. तुमच्याकडे ती जागा नाहीये. तुमच्या वरच्या अंगाला शिवोलीचा पूल आहे ज्याखालून तुमची डोलकाठी जाणार नाही, खालच्या अंगाला जेटीवरचे ट्रॉलर, आणि त्याच्याही पुढे नदीच्या तोंडाशी रेतीचा पट्टा, जिथे जुलैत लाटा फुटत असतात. मांडवीच्या तोंडचा आग्वादचा पट्टा तर पावसाळ्यात वाहतुकीला बंदच असतो, बार्जेसना कुंभारजुव्याच्या कालव्यातून वळसा घ्यावा लागतो. २०१७ च्या जुलैमध्ये लकी सेव्हन हे कॅसिनोचं जहाज तिथून आत आणताना मिरामारला रेतीत रुतलं होतं, आणि त्यावर पगारी खलाशी होते, मोठं इंजिन होतं. तुमचं मूरिंग तुटलं तर बोट वाहत जाणार ती दिशा हीच, तोंडाकडे. अंधारात, पावसात, दोन माणसं आणि एक छोटं डिझेल इंजिन. बोट आणि माणसं दोन्ही चांगली असूनही जागा वाईट असू शकते, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता पुराचं. तुमच्या नदीची एक गोष्ट तुमच्या भावाला तुमच्यापेक्षा जास्त जवळून दिसते. दोडामार्गातली तिलारी नदीच पुढे गोव्यात येऊन शापोरा होते, आणि तिच्यावर वर तिलारीचं धरण आहे. त्यामुळे शिवोलीला पाऊस थांबलाय, आभाळ जरा उघडलंय, आणि तरी नदी चढतेय असं होऊ शकतं, कारण पाणी घाटात पडलेल्या पावसाचं आणि धरणातून सोडलेलं असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिलारीच्या पाण्याने पेडण्यातल्या इब्रामपूर, हणखणे, चांदेल भागात लोकांची काय अवस्था झाली ते तुमच्या माहेरच्यांना आठवत असेल. २०२१ च्या २२-२३ जुलैला तर चिपळूण बुडालं, महाबळेश्वरला २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि गोव्यात १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर आला असं तेव्हा मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं होतं. म्हणून फोनवर फक्त गोव्याचा अंदाज बघणं पुरेसं नाहीये, सिंधुदुर्गाचा अलर्ट आणि तिलारीच्या विसर्गाची सूचना या दोन गोष्टी तुमच्यासाठी जास्त महत्त्वाच्या. भाऊ रोज फोन करतो म्हणता ना, त्याला आता "ये" म्हणण्याऐवजी एक काम द्या, धरणातून किती पाणी सोडलं आणि किती वाजता सोडलं ते कळवायचं. मला तुमच्या बोटीवरच्या कुठल्याही यंत्रापेक्षा त्या फोनवर जास्त भरवसा आहे.

भरती-ओहोटी यात भर घालते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती चढत असेल तेव्हा पुराचं पाणी अडून नदी फुगते, आणि ओहोटी सुरू झाली की अडलेलं सगळं पाणी आणि ओहोटी एकाच दिशेने सुटतात, तेव्हा ओढ सगळ्यात जास्त. पाण्याचा वेग दुप्पट झाला की बोटीवरचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. मग त्या जोरात वरून झाडं, बांबूंची बेटं, झावळ्या वाहत येतात आणि मूरिंगच्या रोपवर, नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या, पुढे अडकून त्यांचा ढीग साठतो, आणि प्रत्येक फांदीबरोबर ओढ वाढत जाते.

"आपण बोटीवर असलो तरच बोट वाचेल" हे तुमच्या मिस्टरांचं दुसरं वाक्य मी जरा जास्त गांभीर्याने घेतलं कारण त्यात थोडं तथ्य आहे. माणूस बोटीवर असेल तर कॉकपिटच्या, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेच्या, मोऱ्यांत अडकलेली पानं काढतो, रोप कुठे घासतोय ते बघून त्याची जागा बदलतो, पंप बंद पडला तर हाताने उपसतो, लहानसहान फांद्या ढकलून देतो. पण ही सगळी कामं दिवसा दोन फेऱ्यांत होणारी आहेत, त्यासाठी तिथे झोपायची गरज नाही. आणि जे रात्री होऊ शकतं, म्हणजे मूरिंग सरकणं किंवा भलंमोठं झाड येऊन बसणं, त्यात दोन माणसं काही करू शकत नाहीत. मूरिंगसाठी टाकलेला १ टनाचा काँक्रीटचा ब्लॉक पाण्यात गेला की त्याचं वजन ६०० किलोच्याही आत भरतं, हे मिस्टरांना आकडेमोड करून लगेच पटेल. साखळीचंही तसंच, ४ मीटर पाणी आणि १ मीटर नाळेची उंची धरून २५ मीटर साखळी सोडली असेल तर ती पाचपट झाली, ठीक आहे, पण पाणी अजून २ मीटर चढलं की तीच साखळी साडेतीनपट उरते आणि नांगर वर उचलला जायला लागतो. यातलं काहीही तुम्ही बोटीवर जागं राहिल्याने बदलत नाही. साखळी आधी वाढवून ठेवल्याने बदलतं.

आणि मिस्टर इंजिनिअर होते म्हणून हे त्यांच्यासाठी लिहितेय. जहाजावर वॉचकीपिंग करणाऱ्याला २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती मिळालीच पाहिजे असा एसटीसीडब्ल्यूचा, म्हणजे खलाशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, नियम आहे, तो त्यांनी नोकरीत पाळला असणार आणि दुसऱ्यांना पाळायला लावला असणार. तिथे वॉचला आळीपाळीने माणसं होती, इंजिन रूम चालू होती. इथे दोघंच, त्यातली एक झोपतच नाही आणि दुसऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. आठवडाभर हे निभावेल, अख्खा पावसाळा नाही. थकलेला माणूस नेमका त्या रात्री चूक करतो जेव्हा चूक परवडत नाही.

बोटी बुडायच्या दोन कारणांपैकी पुराचा विचार सगळे करतात, वरून पडणाऱ्या पाण्याचा कमी करतात. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर पाणी. हवामान खात्याच्या हिशोबात २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला की तो अत्यंत मुसळधार, आणि तसा दिवस तुमच्याकडे उजाडला तर साधारण २० चौरस मीटरच्या डेकवर ४,००० लिटर पाणी पडणार. त्यातलं पाच टक्के जरी डेकच्या जुन्या फिटिंगांतून आत झिरपलं तरी २०० लिटर. ३ चौरस मीटरच्या कॉकपिटच्या मोऱ्या पानांनी तुंबल्या तर तिथेच ६०० किलो वजन साठेल आणि बोट मागून बसायला लागेल. पंपाच्या डब्यावर ताशी २,००० लिटर लिहिलेलं असलं तरी पाणी वर चढवायचं असल्यामुळे प्रत्यक्षात तो बराच कमी उपसतो, आणि सतत चालला तर दिवसभरात बरीच बॅटरी खातो, जेव्हा तुमच्या साध्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून निम्मीच वीज वापरायची असते आणि आभाळ भरलेलं असताना सोलर नावापुरताच चार्ज देतो. म्हणजे रोज थोडा वेळ इंजिन चालवून बॅटरी भरायलाच लागेल, आणि हाताने चालवायचा पंप चालू स्थितीत आहे का ते आजच बघा. डिंगी, म्हणजे काठावर जायची-यायची छोटी होडी, पाण्यात तरंगत सोडत असाल तर ती पण पावसाने भरून बुडते, रोज रिकामी करा किंवा उलटी करून डेकवर बांधा.

घर म्हणून जी दशा झालीय ती तुम्ही थोडक्यात लिहिलीत, जणू काही ते तक्रार करण्यासारखं नाहीच. आहे ताई. महिना-महिना कोरडं अंथरूण नसणं ही छोटी गोष्ट नाहीये. बाहेर ९०-९५ टक्के आर्द्रता असताना तुम्ही कितीही पुसा, दोन माणसांच्या श्वास-घामातून एका रात्रीत जवळपास लिटरभर पाणी केबिनमध्ये सुटतं, आणि स्वयंपाकाचा गॅस १ किलो जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. पावसामुळे हॅच, म्हणजे छतावरची झाकणं, बंद, म्हणजे ही वाफ गादीत आणि कपड्यांत. उशा-गाद्या उभ्या करून खाली हवा खेळू द्या, बुरशी व्हिनेगरने पुसा, कपडे आणि कागद जाड झिपच्या पिशव्यांत ठेवा, जे या दोन महिन्यांत लागणार नाही ते सरळ माहेरी पाठवा. पण कोरडं करायला म्हणून शेगडी पेटवून किंवा निखारे ठेवून केबिन बंद करू नका, आपल्याकडे घरात चुलीच्या वर कपडे सुकवायची सवय असते म्हणून मुद्दाम सांगते. बंद केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणूस जातो. आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर घरासारखा खिडकीतून जात नाही, खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, साठून राहतो, तिथे पंपाची एक ठिणगी पुरते. सिलेंडरचा कॉक प्रत्येक वेळी बंद करा, दोन्ही वायूंचे डिटेक्टर लावून घ्या.

आजारपणाचं दोन ओळींत. पुराच्या पाण्यात उंदरांची लघवी मिसळते आणि लेप्टोस्पायरोसिस होतो, कोकण-गोव्याला हा काही नवीन नाही. पायाला जखम असताना त्या पाण्यात उतरू नका, उतरावंच लागलं तर डॉक्टरांना डॉक्सीसायक्लिनबद्दल विचारा, आणि ताप आला तर पुराच्या पाण्यात होतो हे पहिल्याच वाक्यात सांगा. पुरात साप आणि उंदीर रोपवरून बोटीवर चढतात, रात्री अंधारात हात घालू नका कुठे.

आता मला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटली ते. तुम्ही पत्रात बोट आणि किनारा या दोन्हींबद्दल लिहिलंत, पण मधल्या पाण्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत. पुरात सगळ्यात धोक्याची जागा तीच. डिंगीत चढताना-उतरताना माणूस पाण्यात पडतो, ओढ त्याला बोटीखाली किंवा फांद्यांच्या ढिगाखाली घेऊन जाते, आणि पोहता येणं तिथे फारसं कामाला येत नाही. म्हणून "अगदीच वाटलं तर उतरू" हा प्लॅन नाहीये ताई. अगदीच वाटायला लागतं तेव्हा रात्र असते, ओहोटीची ओढ असते, आणि तेव्हा उतरणं हे बोटीवर राहण्यापेक्षा जास्त धोक्याचं झालेलं असतं. उतरायचं तर लवकर, दिवसा, भरती-ओहोटीच्या मधल्या थांबलेल्या पाण्यात. आणि उशीर झालाच, रात्र झालीच, तर मग डिंगीत बसू नका, लाइफ जॅकेट घालून कॉकपिटमध्ये थांबा, ११२ ला फोन करा, आणि बोट वाहायला लागली तर कोस्ट गार्डला १५५४ वर कळवा. फोन दुपारीच पूर्ण चार्ज करून झिपच्या पिशवीत ठेवत जा.

मग पर्याय काय. दोघांनी तसंच राहायचं, हा मी जुलैसाठी सरळ नको म्हणते. तुम्ही एकटीने दोडामार्गला जायचं, हा त्याच्यापेक्षा बरा पण मला पूर्ण पटत नाही, कारण मग बोटीवर ६० च्या आसपासचा एक माणूस एकटा, आणि तो पाण्यात पडला तर बघायलाही कोणी नाही. तुम्ही तिथे सुरक्षित असाल पण झोप तिथेही लागणार नाही, फक्त पंपाच्या आवाजाऐवजी फोनची वाट बघाल. बोट आत्ता पाण्याबाहेर काढायची, हे कागदावर उत्तम आहे पण चढलेल्या नदीत, त्या ओढीत बोट हलवून यार्डपर्यंत नेणं हाच एक मोठा धोका, ते पावसाआधी करायचं काम होतं.

मला योग्य वाटतो तो मधला मार्ग. शिवोली-चोपडे भागात नदीपासून उंचावर, शक्य असेल तर बोट दिसेल अशा ठिकाणी एक खोली घ्या. पावसाळा हा तिकडे ऑफ सीझन आहे, महिन्याच्या बोलीने खोल्या बऱ्याच स्वस्तात मिळतात. दोघांनीही तिथे झोपायचं. अलर्ट नसलेल्या दिवशी मिस्टरांनी दिवसा, थांबलेल्या पाण्यात बोटीवर जायचं, तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेसमोर, जॅकेट घालून. बोट सोडायच्या आधी शिडं उतरवून खोलीवर आणायची, वरची कापडं, छत्र्या, जे जे वारा आणि फांद्या धरून ठेवतं ते सगळं काढायचं. मूरिंगला दुसरा रोप, आणि रोप जिथे जिथे घासतो तिथे जुन्या फायर होजचे तुकडे चढवायचे. दुसरा नांगर टाकला असेल तर भरती-ओहोटीत बोट फिरून दोन्ही एकमेकांत पिळले जातात, ते दर फेरीला बघायचं. पंपाचा ऑटो स्विच हाताने उचलून तपासायचा. आणि जेटीवरच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला रोज नजर टाकायचे पैसे द्यायचे, फुकट नाही, पैसे द्यायचे, म्हणजे तो खरंच बघतो.

आणि इतकं करूनही बोट गेली तर? हा प्रश्न विचारायला तुम्हा दोघांना भीती वाटत असणार कारण फ्लॅट विकून ती घेतलीय. म्हणूनच आज कागद बाहेर काढा. इन्शुरन्स आहे का, असेल तर त्यात पावसाळ्यात पाण्यात ठेवलेल्या बोटीबद्दल काय अट आहे, बऱ्याच पॉलिसीत अशी अट असते. मूरिंगसाठी आणि बोटीवर राहण्यासाठी कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याची रीतसर परवानगी आहे का. बोटीचे सगळ्या बाजूंनी आजच्या तारखेचे फोटो काढून मुलांना किंवा भावाला पाठवून ठेवा. बोट पैशाने परत मिळू शकते, निदान काही पैसे तरी. हे वाक्य मिस्टरांना तुम्ही नका म्हणू, त्यांना ते आत्ता सहन होणार नाही, पण तुम्ही मनात पक्कं धरा.

मिस्टरांशी बोलायचं कसं हे तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण पत्र त्याचंच आहे. तुम्ही "मला भीती वाटते" म्हणता आणि ते "काही होत नाही" म्हणतात, त्याच्यापुढे बोलणं जातच नाही. मला नाही वाटत त्यांना भीती वाटत नाहीये. ज्या माणसाने घर विकून बोट घेतली त्याला ती सोडून किनाऱ्यावर झोपणं म्हणजे सगळा निर्णयच चुकला असं कबूल करणं वाटत असणार, आणि नातेवाईक काय म्हणतील हेही असेलच. म्हणून पाऊस जरा उघडलेल्या एखाद्या दुपारी, चहा घेऊन, राहायचं की नाही हा वाद न घालता फक्त एवढं म्हणा की जहाजावर असतात तसे नियम आपण लिहून काढू. कोणता अलर्ट आला की रात्री बोटीवर कोणीच नसणार. तिलारीतून पाणी सोडल्याचा फोन आला की किती तासांत उतरायचं. काठावरच्या कुठल्या दगडाला पाणी लागलं की त्या दिवशी फेरी रद्द. पंप तासाला किती वेळा चालला म्हणजे जास्त. हे त्यांनी लिहावं, त्यांच्या हाताने, आणि दोघांपैकी कोणीही एकाने "उतरू या" म्हटलं की उतरायचं, कारण विचारायचं नाही, हा एक नियम तुमच्याकडून घाला. नोकरीभर मस्टर लिस्ट (संकटात कोणी काय करायचं त्याची यादी) आणि ड्रिल करत आलेल्या माणसाला हे नवीन नाही. त्यांना फक्त हे घरच्या बायकोने नाही, जहाजाच्या पद्धतीने सांगितल्यासारखं वाटेल, आणि तसं वाटलं तर वाटू दे.

स्वप्न मोडण्याचं म्हणाल तर, तुम्ही दोघांनी बोटीवर राहायचं ठरवलं होतं, बारा महिने तिसाही दिवस राहायचं असं कुठे ठरलं होतं का, आठवून बघा. नोव्हेंबर ते मे हे सात महिने तुम्ही खरंच राहिलात आणि ते आयुष्यातले सुंदर दिवस होते असं तुम्हीच लिहिलंय. पुढच्या वर्षी मेच्या मध्यावर, वादळी पाऊस सुरू व्हायच्या आत, बोट यार्डात उचलून ठेवायची आणि त्यासाठी जागा जानेवारी-फेब्रुवारीतच बोलून ठेवायची, म्हणजे खालचे शिंपले खरवडणं, रंग, डेकच्या गळत्या, सगळी कामं त्या काळात होतील, तुम्ही माहेरी किंवा पोरांकडे राहाल आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा पाण्यात. वर्षाचे पाच महिने जमिनीवरचा खर्च बजेटमध्ये धरावा लागेल, तो आधी धरला नव्हता हे मला पत्रावरून दिसतंच आहे, तर तो हिशोब आत्ता करा, आणि दर वर्षी तो झेपत नसेल तर बोट विकायचा विचारही निवांतपणे, पुढच्या हिवाळ्यात करा. या पावसात, या मनःस्थितीत नको.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, कारण परदेशात बोटीवर राहणारे किंवा राहू बघणारे मराठी लोक मला अधूनमधून लिहितात. नदी बदलली, देश बदलला तरी गोष्टी त्याच राहतात. ब्रिस्बेनला २०२२ च्या फेब्रुवारीअखेर तीन दिवसांत ६७० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, नदी शहरात ३.८५ मीटरपर्यंत चढली, आणि बोटी नुसत्या सुटल्या असं नाही, ज्या तरंगत्या धक्क्यांना त्या बांधल्या होत्या ते धक्केच सुटून बोटींसकट वाहत गेले. म्हणजे मरीनात आहोत म्हणून सुरक्षित, असंही नाही. तुमच्या वरच्या अंगाला कोणतं धरण आहे, त्याची सूचना कुठे मिळते, धक्क्याचे खांब किती उंच आहेत आणि पूर त्याच्या वर गेला तर काय होतं, हे जागा घेतानाच विचारा, पाऊस लागल्यावर नाही.

आणि ताई, माहेरी जायचं म्हणत होतात ते जाच. खोली मिळाली, दोघंही तिथे झोपायला लागलात, मिस्टरांना नियम अंगवळणी पडले की चार दिवस जाऊन या, त्यांनाही बरोबर न्या जमलं तर, अलर्ट नसेल तेव्हा. जाताना बोटीवरच्या सगळ्या ओल्या गाद्यांचे अभ्रे आणि कपडे न्या, तिकडे सुकवा. खोलीचं काय झालं आणि मिस्टर काय म्हणाले ते मला लिहा, मी वाट बघतेय.